जागेचे पैसे घ्या, पण सिंकचे कशाला? १०० जीबीचा प्लॅन आणि सिंकथिंग दोन्ही वापरून

कराडला माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं तयार करायचं, छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, दिवाळीच्या आधी दोन महिने अंकांची पानं लावणं, असं काम. दुकानात एक पीसी आहे आणि घरी बायकोचा लॅपटॉप. टायपिंग ती घरून करते, मांडणी मी दुकानात करतो, म्हणजे एकच फाइल दिवसातून तीन-चार वेळा इकडून तिकडे जाते. आधी पेन ड्राइव्ह खिशात घेऊन फिरायचो, मग मेलवर पाठवायला लागलो, मग क्लाउड घेतलं. सहा वर्षं झाली आता क्लाउडला पैसे देतोय. ओळखीतल्या जवळपास प्रत्येकाचा एकच प्रश्न असतो, की हे फुकट का नाही, आपण पैसे का द्यायचे. त्याचं उत्तर मला एका वाक्यात देता येत नाही म्हणून गूगल वन (गूगलची पैसे देऊन घ्यायची जादा जागा) आणि सिंकथिंग (आपल्याच मशीनमधल्या फाइली सारख्या ठेवणारं फुकट सॉफ्टवेअर) यांचा हा रिव्ह्यू जरा लांब झालाय.

आधी माझं मत सांगून टाकतो. लोक क्लाउड म्हणतात त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे जागा, आपली फाइल दुसऱ्याच्या डिस्कवर ठेवणं. दुसरी सिंक, म्हणजे माझ्या एका मशीनवरचा बदल माझ्याच दुसऱ्या मशीनवर आपोआप पोचणं. जागेचे पैसे घेणं मला पटतं. सिंकचे पटत नाहीत. आणि कंपन्या या दोन्ही गोष्टी एकाच पाकिटात घालून विकतात, तिथेच सगळा घोळ आहे.

पहिल्यांदा जागेबद्दल. सध्या माझ्याकडे गूगल वनचा १०० जीबीचा प्लॅन आहे, महिन्याला १३० रुपये, वर्षाचे एकदम भरले तर १३००. मी वर्षाचे भरतो. फुकटात १५ जीबी मिळतात, पण त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळं एकत्र मोजलं जातं हे बऱ्याच जणांना अजून माहीतच नाही. लोक ड्राइव्ह उघडून बघतात, तिथे तर चारच फाइली आहेत मग फुल कसं झालं असं विचारतात, आणि खरी जागा खाल्लेली असते मेलमधल्या जुन्या अटॅचमेंटनी आणि फोटोतल्या व्हिडिओंनी.

प्लॅन म्हणून वाईट नाहीये हा. अपलोड नीट होतं, फोटो शोधायला सोपं जातं, आणि मुख्य म्हणजे घरातल्या अजून पाच जणांना त्याच १०० जीबीत घेता येतं, प्रत्येकाचं खातं वेगळंच राहतं, एकाचे फोटो दुसऱ्याला दिसत नाहीत. मी, बायको, आई आणि भाचा असे चौघं आहोत. १३०० भागिले चार केलं तर माणशी सव्वातीनशे रुपये वर्षाला. एवढ्या पैशात माझी फाइल माझ्या घराबाहेर, कराडच्या बाहेर, पूर आला तरी सुरक्षित राहते. २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आम्ही बघितलंय, दुकानात पाणी शिरलं असतं तर पीसी आणि कपाटातली हार्ड डिस्क दोन्ही एकदमच गेली असती. त्यामुळे डिस्क, वीज, थंडावा, चोवीस तास चालू ठेवणारी माणसं आणि एकाच फाइलच्या एकापेक्षा जास्त प्रती याला खर्च येतो आणि तो मी द्यावा हे मला मान्य आहे.

एक हिशोब मात्र खटकतो आणि तो कोणी करत नाही म्हणून इथे करतो. १०० जीबीला वर्षाला १३००, म्हणजे जीबीला १३ रुपये पडले. २ टीबीचा प्लॅन वर्षाला ६५०० ला आहे, ते ढोबळमानाने २००० जीबी धरले तर जीबीला सव्वातीन रुपये. म्हणजे छोटं गिऱ्हाईक जीबीमागे चौपट भाव देतंय. घाऊक स्वस्त असतं हे कळतं मला, मीही हजार पत्रिकांचा दर शंभर पत्रिकांपेक्षा कमी लावतो. पण माझ्याकडे दीडशे पत्रिका पाहिजे असतील तर दीडशे मिळतात. इथे १०० नंतर एकदम २०० आणि मग सरळ २ टीबी, मधे काहीच नाही. माझे आत्ता ८७ जीबी भरलेत. पुढच्या वर्षी १०५ होतील आणि त्या वरच्या पाच जीबीसाठी मला २०० चा प्लॅन घ्यावा लागेल, महिन्याला २१० रुपये. जेवढं वापरलं तेवढं बिल, वीज मंडळासारखं, हे करायला यांना अडचण कसली? मीटर तर यांच्याकडे आहेच, ८७ झालेत हे ते मला रोज दाखवतातच की.

आता फुकटवाल्या बाजूचं. लोकांचा राग मला समजतो, कारण सवय याच कंपन्यांनी लावली. गूगल फोटोज २०१५ च्या मे महिन्यात आलं तेव्हा हाय क्वालिटीचे फोटो अमर्याद आणि फुकट होते. सहा वर्षं लोकांनी बारशापासून बाराव्यापर्यंत सगळे फोटो तिथे टाकले, फोनमधले डिलीट केले, आणि १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीत मोजायला सुरुवात झाली. आधीचे हाय क्वालिटीचे मोजले नाहीत, हे चांगलं केलं, तेवढं मान्य करायला पाहिजे. त्या निर्णयाच्या वेळी कंपनीनेच आकडा दिला होता की दर आठवड्याला २८०० कोटी नवे फोटो आणि व्हिडिओ येतात. एवढं सगळं कायम फुकट ठेवणं परवडणार नाही हे २०१५ मध्ये कोणाच्याच लक्षात आलं नसेल? मला नाही वाटत तसं.

व्हॉट्सअॅपचंही तेच. २०१८ पासून अँड्रॉइडवरचा बॅकअप ड्राइव्हच्या जागेत मोजला जात नव्हता, २०२४ मध्ये मोजायला लागले. आईच्या फोनवर जागा भरल्याची सूचना येऊन पडली ती यामुळेच. तिचे सकाळचे गणपतीचे फोटो, कीर्तनाचे व्हिडिओ, मावशीचे चार-चार मिनिटांचे व्हॉइस मेसेज, सगळं मिळून बॅकअपच ११ जीबीचा. ती मला म्हणाली, "अरे, काहीतरी इंग्रजीत लाल लाल येतंय, फोन बिघडला का रे?" फोन बिघडला नव्हता. पण सत्तर वर्षांच्या माणसाला लाल अक्षरात घाबरवून पैसे भरा म्हणणं मला आवडलं नाही. बॅकअपमधून व्हिडिओ वगळायचा पर्याय आहे, तो चालू केल्यावर दोन जीबीच्या खाली आलं. आणि फोन बदलताना तर क्लाउडची गरजच नाही, जुन्या फोनवरून नव्या फोनवर क्यूआर स्कॅन करून चॅट थेट नेता येतात. पण ते लाल पट्टीत कोणी सांगत नाही, तिथे फक्त जागा विकत घ्यायचं बटण असतं.

बाकीच्यांचं पटकन सांगतो. अॅपलचं आयक्लाउड २०११ मध्ये आलं तेव्हा ५ जीबी फुकट होते आणि आजही ५ च आहेत. तेव्हापासून फोनचा कॅमेरा कुठल्या कुठे गेला आणि फुकटची जागा तिथेच. भाच्याकडे आयफोन आहे, त्याने नाइलाजाने ५० जीबीचा ७५ रुपयांचा प्लॅन घेतलाय. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हने २०१६ मध्ये फुकटच्या १५ जीबीचे ५ केले. ड्रॉपबॉक्स फुकटात २ जीबी देतं आणि मार्च २०१९ पासून फुकट खात्याला तीनच डिव्हाइस जोडता येतात. दुकानाचा पीसी, घरचा लॅपटॉप आणि एक फोन, झाले तीन, बायकोचा फोन बाहेर. आणि पैसे भरले की कायमचं निर्धास्त असंही नाही, अॅमेझॉन ड्राइव्हला लोक पैसे देत होते आणि ते ३१ डिसेंबर २०२३ ला बंदच झालं.

फुकटच्या ऑफरही चालू असतात. रिलायन्सने २०२४ च्या ऑगस्टमध्ये जिओच्या गिऱ्हाईकांना १०० जीबीपर्यंत क्लाउड फुकट देऊ म्हणून जाहीर केलं. एअरटेलने मे २०२५ मध्ये पोस्टपेड आणि वायफायवाल्यांना गूगल वनचे १०० जीबी सहा महिने फुकट देऊ केले, पुढे महिन्याला १२५ रुपये. घ्यायला हरकत नाही, पण सहा महिन्यात तुम्ही ६० जीबी भरलेत की सातव्या महिन्यात तुमच्यापुढे काय पर्याय राहतो ते आधी बघा. १५ पेक्षा जास्त भरलेलं असताना प्लॅन बंद केला तर नवीन अपलोड होत नाही, जीमेलला मेल येणं थांबतं, आणि दोन वर्षं तसंच राहिलं तर कंपनी सामान काढून टाकू शकते. भाडं थकलेल्या भाडेकरूला नोटीस देतात तसं. म्हणून माझ्या मते ऑफर फुकट असो नसो, आत जायच्या आधी बाहेर कसं पडायचं ते बघून ठेवावं. गूगल टेकआउटमधून सगळं एकत्र उतरवून घेता येतं, मी वर्षातून एकदा मार्चमध्ये घेतो, दुकानाचा हिशोब बंद करताना.

आता सिंक. माझं खरं दुखणं इथलं आहे.

तीन वर्षांपूर्वी मी एका दुसऱ्याच कंपनीची सिंकची सेवा घेतली होती, नाव घेत नाही. वर्षाचे पैसे भरलेले. मधे बँकेने कार्ड बदलून दिलं, नंबर बदलला, त्यामुळे रिन्यू झालं नाही. एक मेल आली होती म्हणे, ती जाहिरातींच्या ढिगात गेली. आणि सिंक गपचूप थांबलं. कोपऱ्यातलं चिन्ह होतं तसंच, फोल्डर होतं तसंच, फाइली उघडत होत्या. फक्त घरी केलेला बदल दुकानात येत नव्हता. एका लग्नपत्रिकेत कार्यालय बदललं होतं, मुलीच्या वडिलांनी संध्याकाळी फोन केला, बायकोने घरी लगेच दुरुस्त करून सेव्ह केलं, आणि दुसऱ्या दिवशी मी दुकानातून जी फाइल कोल्हापूरला प्रेसमध्ये पाठवली ती जुनी होती. ५०० पत्रिका जुन्या कार्यालयाच्या नावाने छापून आल्या. गठ्ठा सोडला तेव्हा मुलीचे वडील समोरच बसले होते. ते ओरडले नाहीत, नुसतं पत्रिकेकडे बघत राहिले, आणि त्याचंच मला जास्त लागलं. पुन्हा छापल्या, ९ हजार गेले, ते मी सोसले, पण मुहूर्त अठरा दिवसांवर असताना त्यांची पत्रिका वाटायची धावपळ झाली ती भरून देता आली नाही.

त्यानंतर मी विचार करायला लागलो की मी पैसे नक्की कशाचे देत होतो. माझं दुकान आणि माझं घर यात दीड किलोमीटर अंतर आहे. दोन्हीकडे नेट माझंच, त्याचं बिल मी भरतो. दोन्ही मशीन माझी. फाइल ३ एमबीची. ती दीड किलोमीटर जायला कुठल्यातरी परक्या डिस्कवर का चढावी, आणि तिथलं भाडं थकलं म्हणून माझी दोन मशीन एकमेकांशी बोलायची का थांबावीत?

भाच्याने सिंकथिंग दाखवलं. २०१३ पासून आहे, ओपन सोर्स आहे म्हणजे त्याचा कोड कोणालाही बघता येतो, पूर्ण फुकट, जाहिराती नाहीत, खातं काढायचं नाही, मोबाइल नंबर मागत नाही. दोन वर्षं वापरतोय. यात मधे कुणाचं गोदामच नाही. प्रत्येक मशीनला एक लांबलचक ओळखक्रमांक मिळतो, तो दुसऱ्या मशीनवर टाकायचा किंवा फोनने क्यूआर स्कॅन करायचा, दोन्हीकडून हो म्हणायचं, आणि कोणतं फोल्डर सामायिक ते सांगायचं. झालं. एकाच वायफायवर असाल तर फाइल घरातल्या घरात जाते, नेटचा डेटा लागत नाही. लांब असाल तर ती दोघं एकमेकांना शोधतात, आणि थेट जोडणी नाही जमली तर लोकांनी स्वखुशीने चालवलेल्या रिले सर्व्हरमधून, म्हणजे फाइल नुसती पुढे पोचवणाऱ्या मधल्या मशीनमधून जाते, पण बंद लखोट्यात, मधल्याला आत काय आहे ते दिसत नाही. मोठी फाइल बदलली तर पूर्ण परत पाठवत नाही, बदललेले तुकडेच पाठवतं. १६० पानांच्या अंकाची फाइल जड असते, तिथे हे फार कामाला येतं.

अडचणीही सांगतो, कारण याचं नुसतं कौतुक ऐकून लावाल आणि मग चिडाल. पहिली म्हणजे दोन्ही मशीन एकाच वेळी चालू पाहिजेत. मी दुकान बंद करून पीसी बंद केला आणि बायकोने रात्री काम केलं तर सकाळी मी पीसी चालू करेन तेव्हा तिचा लॅपटॉप पण चालू पाहिजे, नाहीतर फाइल येणार कुठून. यावर मी उपाय काढला, स्क्रीन फुटलेला एक जुना लॅपटॉप घरात कपाटावर कायम चालू ठेवलाय, त्याच्यावर तिसरी प्रत असते. बॅटरी आहे त्यामुळे लाईट गेली तरी तासभर चालतो. दुसरी अडचण, दोघांनी एकच फाइल एकाच वेळी बदलली तर सिंकथिंग एकीचं नाव बदलून दोन्ही ठेवतं. ते बरोबरच आहे, पण मग कोणती खरी ते माणसानेच बघायचं. आम्ही घरात नियम केलाय, फाइल उघडायच्या आधी फोन करायचा. "अहो, देशमुखांची मी घेतलीये हां," एवढंच. तिसरी, सगळी सेटिंग समजायला सुरुवातीला एक रविवार जातो. माझा गेला. चौथी, अँड्रॉइडवरचं त्यांचं मूळ अॅप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, आता सिंकथिंग-फोर्क नावाचं वापरावं लागतं, ते मात्र चांगलं चालतंय. आयफोनसाठी त्यांचं स्वतःचं अॅप नाही, त्यामुळे भाचा स्वतः यात नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे अगदी कळकळीने सांगतोय, सिंक म्हणजे बॅकअप नाही. सिंकथिंग असो की पैसे देऊन घेतलेलं काही असो, इकडे डिलीट केलं की तिकडेही डिलीट होतं, कारण त्याचं कामच दोन्हीकडे सारखं ठेवणं हे आहे. सिंकथिंगमध्ये जुन्या आवृत्त्या ठेवायचा पर्याय आहे, पण तो आपण स्वतः चालू करायला लागतो, आधीपासून चालू नसतो. ड्राइव्हमध्ये कचऱ्यातली फाइल ३० दिवस राहते आणि मग जाते. स्मरणिकेचं गिऱ्हाईक दोन वर्षांनी येऊन म्हणतं की अजून शंभर प्रती काढा, तेव्हा ३० दिवसांचा काय उपयोग. म्हणून मी दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर कॉपी करतो, हाताने, आणि डिस्क काढून आईच्या खोलीतल्या कपाटात ठेवतो.

मग सिंकथिंग खरंच फुकट पडतं का? हाही हिशोब मी केला. कपाटावरचा लॅपटॉप साधारण २० वॅट घेतो. चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे १४ युनिटच्या आसपास. युनिटला आठ-नऊ रुपये धरले तर महिन्याला सव्वाशे. म्हणजे गूगल वनच्या १३० ला जवळजवळ तेवढंच! हे निघालं तेव्हा मी दोनदा गुणाकार करून बघितला. त्यामुळेच जागा फुकट द्या म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, कपाटावरचा एक मोडका लॅपटॉप चालू ठेवायलाही सव्वाशे लागतात. पण हे सव्वाशे जागेचे आणि विजेचे आहेत, चोवीस तास जागं राहण्याचे आहेत. दोन्ही मशीन चालू असताना फाइल इकडून तिकडे गेली त्याचा वेगळा खर्च जवळजवळ शून्य आहे. कंपन्यांनी एवढंच करावं अशी माझी मागणी आहे. जागा मोजून पैसे घ्या, पण सिंक कितीही डिव्हाइसवर मोकळं ठेवा, आणि पैसे थकले तर नवीन जागा देऊ नका हवं तर, पण माझ्याच मशीनमधली देवाणघेवाण बंद करू नका, आणि करायचीच असेल तर पूर्ण स्क्रीनभर मराठीत लिहून सांगा.

सरकारी कागदांसाठी डिजिलॉकर आहे, २०१५ पासून, १ जीबी फुकट. आधार, पॅन, गाडीचं आरसी यासाठी कोणाला पैसे देऊ नका, ते तिथे ठेवा. फोटो-व्हिडिओसाठी ते नाहीये.

कोणाला काय घ्या म्हणू? फक्त फोन असेल आणि फोटो जपायचे असतील तर १०० जीबीचा वर्षाचा प्लॅन घ्या आणि घरातल्यांना त्यात जोडा, सिंकथिंगच्या नादाला लागू नका. दोन कॉम्प्युटरवर रोज तेच काम असेल तर सिंकथिंग लावा, एक रविवार द्या. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि दोन्ही राहतील, फोटो आणि तयार झालेली कामं गूगल वनवर, चालू कामं सिंकथिंगवर. गूगल वनला पाचपैकी साडेतीन, अर्धा गुण त्या १०० आणि २०० च्या मधल्या उडीसाठी कापला आणि एक लाल पट्टीसाठी. सिंकथिंगला साडेचार, आयफोनचं झालं असतं तर पाच दिले असते.

काल रात्री साडेअकराला बायकोने एका अंकाची शेवटची आठ पानं टाइप करून संपवली, आणि आज सकाळी शटर वर करून पीसी चालू केला तेव्हा ती आलेली होती. तरी पानं लावायच्या आधी मी तिला फोन करून शेवटची ओळ वाचून दाखवली.